घेर कापला तेव्हा

मार्गिलान,
१२ मार्च १९७४

झेबी आपा,

आधीची चार पत्रं तू उघडली नसावीस. त्यांत 'आम्ही मजेत, तुम्ही कशा' एवढंच होतं, त्यामुळे तुझं काही बिघडलं नाही. या पत्रात मात्र एक गुन्हा आहे, तेव्हा निदान हे तरी वाच.

मी तुझा झगा कापला.

तोच, लाल-पिवळ्या अतलसचा, लग्न होऊन तिर्मिझला जाताना पेटीच्या तळाशी टाकून गेलीस तो. आई बाजारात गेली होती. मी कात्री घेतली आणि कंबरेखाली चार बोटांवर आडवी चालवली. रेशीम कापताना जो आवाज होतो ना, त्यानं माझ्या अंगावर काटा आला. वरच्या भागाचा सदरा झाला. खालच्या घेरातून विजार निघाली, घोट्याशी नाडी आवळून बांधायची. तशी विजार आपण सगळ्याच घालतो म्हणा, पण झग्याखाली. वरचा झगा गेला की तेच कापड बेअब्रू होतं. ताश्कंदच्या मुली गुडघे उघडे टाकून ट्राममधून फिरतात म्हणे. आपल्या गल्लीत अजून कोंबडीसुद्धा पाय झाकून चालते.

बाबा चहाखान्यात गेले की मी झगा काढून ठेवते आणि अंगणातल्या सरावाच्या दोरावर चढते. कंबरेएवढाच उंच आहे तो, पण आपा, पहिल्यांदाच मला दोरावर माझी पावलं दिसली. आजवर मी फक्त कापड बघत होते.

तू पडलीस तेव्हा मी अकरा वर्षांची होते. सगळे म्हणाले, मुलीचा पाय कच्चा. बाबांनी त्या दिवशी आपल्या दोघींनाही दोरावरून कायमचं उतरवलं. पण मी पाहिलं होतं. तुझ्या टाचेखाली झग्याचा काठ आला होता. दोष पायाचा नव्हता, घेराचा होता. हे मी तेव्हा बोलले नाही. बोलायचं तेव्हा मी गप्प बसले आहे आणि गप्प बसायचं तेव्हा बोलले आहे. असो.

नोर्बुताभावजींना सलाम सांग. ते कसे आहेत हे विचारायचा हक्क मला आहे का, ठाऊक नाही.

तुझी,
लुत्फी


मार्गिलान,
३० मे १९७४

झेबी आपा,

उत्तर नाही. ठीक आहे. तू वाचतेस असं धरून मी लिहिते.

आई कपडे वाळत घालत होती. दोरीवर बाबांचे शर्ट, उशांचे अभ्रे, आणि मधोमध माझी लाल-पिवळी विजार, मिरवणुकीतल्या निशाणासारखी. मी ती गवताच्या गंजीत लपवली होती. आईनं ती शोधून, धुऊन, वर सगळ्यांसमोर टांगली होती! मी दारातच थिजले. तेवढ्यात बाबा आले.

"ही कुणाची?"

"माझी," आई म्हणाली. चिमटा दातांत होता तिच्या.

"तुझी? तुझा एक पाय तरी जाईल का त्यात?"

"धुतल्यावर आटली."

बाबा विजारीकडे बघत राहिले, मग आईकडे, मग माझ्याकडे बघायचं टाळून आत गेले. आईनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तर म्हणाली, "मांडीची शिवण एकेरी घातलीस, मूर्ख. दुहेरी घाल. वरती फाटली तर काय गाठ मारशील?"

बस्स. आणि पुढचा अभ्रा झटकायला लागली.

दुसरी बातमी. बाबांच्या हाताखालच्या तोलिबला फौजेचं बोलावणं आलं, दोन वर्षांसाठी. उंच दोरावर चालणारा आपल्याकडे तो एकटाच उरला होता. बाबांचा गुडघा आता जिन्यावरही कुरकुरतो. गेल्या आठवड्यात त्यांनी मोठा दोर गुंडाळून कोठारात टाकला आणि म्हणाले, "संपलं. रेशमाच्या गोदामावर राखणदार हवाय, मी तिकडे जातो." सात पिढ्यांचं काम, आणि जेवताना मीठ मागावं तसं बोलून मोकळे झाले. मग जेवलेच नाहीत.

एर्गश अमाकी त्याच दिवशी मला गाठून म्हणाले. (हो, दोराखाली अजून तेच विदूषक. दात दोनच उरलेत, पण जीभ शाबूत.) "पोरी, मी रोज सकाळी अंगणातला तो दोर बघतो. तोलिबचा पाय बदकासारखा पडतो. दोरावरच्या खुणा मांजराच्या आहेत. मांजर कोण?"

मी झगा ओढून पावलं झाकली.

"मांजरानं उद्या रेशीमकोषांच्या जुन्या गोदामामागे यावं. मी मधला दोर ताणून ठेवतो. आणि मांजरानं झगा घालून येऊ नये."

गेले मी. रोज जाते.

लुत्फी


मार्गिलान,
१८ ऑगस्ट १९७४

आपा,

बाबांना कळलं.

मी दोरावर मधोमध होते, दोन पुरुष उंचीवर, हातात तोलाची काठी. समोर गोदामाच्या कोपऱ्यावर ते उभे दिसले. दोरावरच्या माणसाला हाक मारायची नाही, हा आपल्या घरचा पहिला नियम. त्यांनी हाक मारली नाही. हात मागे बांधून उभे राहिले. मी मुद्दाम दोन फेऱ्या जास्त मारल्या. उतरल्यावर काय होणार ते ठाऊक होतं ना! त्या दोन फेऱ्या माझ्या आजवरच्या सगळ्यांत चांगल्या झाल्या. एर्गश अमाकी शपथेवर सांगतात की बाबांचे ओठ हलत होते, पावलं मोजत होते.

उतरले. ते फक्त म्हणाले, "ते कपडे दे."

सदरा-विजार पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली बाबांच्या कंबरेला. "लग्न ठरेपर्यंत अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही." आणि आठ दिवसांत साराखोन खाला आपल्या पुतण्यासाठी मला बघायला येणार, हेही ठरलं.

मग मी काय केलं? कोठारात कापसाचं एक रिकामं पोतं होतं. त्याची विजार शिवली. या वेळी मांडीची शिवण दुहेरी घातली.

साराखोन खाला दोन बायकांना घेऊन आल्या. बाबा बाहेर पुरुषांत बसले होते. आत ओसरीवर चादर, चादरीवर नान, बेदाणे, साखरेचे खडे. बोलणी जुळली की त्या नान मोडणार आणि मी त्यांची होणार. आईनं हाक मारली, "लुत्फी, चहा आण." मी चहा नेला. माझ्या जुन्या, आखूड झालेल्या सदऱ्यात आणि पोत्याच्या विजारीत.

मी वाकून अदबीनं सलाम केला, पेले भरले, आणि किटली ठेवायला वळले. इथंच घात झाला. पोतं उलटं करायचं मी विसरले होते.

साराखोन खालांनी चष्मा लावला. "दु...स...री... प्रत," त्यांनी माझ्या मागच्या बाजूवरचा छाप मोठ्यानं वाचला. "अगं बाई! मालावर लिहिलेलंच आहे की!"

"खाला," मी म्हटलं, "पहिली प्रत सरकार नेतं. घरात उरते ती हीच."

बरोबरच्या दोघींपैकी एकीला ठसका लागला. खाला उठल्या. "मुलगी आहे की हमाल?" असं म्हणत, चपला शोधत, नान तशीच ठेवून गेल्या. आई खाली मान घालून बसली होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. जवळ गेले तर तोंडात डोक्यावरच्या रुमालाचा बोळा! हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं. मग ती नान आम्ही दोघींनीच मोडली आणि बेदाण्यांबरोबर संपवली.

बाबा आले. "नाक कापलंस माझं."

"नाही बाबा. फक्त झगा कापला."

त्यांनी हात उगारला. आपा, मारला नाही. त्याच हातानं त्यांनी आपलाच गुडघा दाबला, जणू त्यासाठीच उचलला होता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस रागावलेला नाही. घाबरलेला आहे.

लुत्फी


मार्गिलान,
२ नोव्हेंबर १९७४

झेबी आपा,

परवा कापसाचा सण आहे. जत्रेचे लोक बाबांकडे आले होते. "उस्ताद, दोराशिवाय जत्रा कसली? लोक काय आमची भाषणं ऐकायला येतात?" बाबा म्हणाले, "दोर उभा राहील. मी स्वतः चढेन." अठ्ठावन्न वय, तो गुडघा, आणि मोठा दोर, चिनाराच्या शेंड्याएवढा. आई उठून आत गेली.

मी ठरवलंय. त्यांच्या आधी मी चढणार. आजवर एवढ्या उंच गेलेले नाही. म्हणून हे पत्र आज लिहायलाच हवं. वर जाताना जवळ तोलाच्या काठीखेरीज दुसरं ओझं नको.

दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. मी तेव्हाही बाबांची जुनी, पावलांवर लोळणारी विजार घालून पहाटे अंगणातल्या दोरावर चढायचे. तुलाही सांगितलं नव्हतं. एक दिवस बाबांनी दोरावरची ओली माती पाहिली. मला कोपऱ्यात घेतलं. "सकाळी इथे कोण होतं? खरं सांग." मला वाटलं, आता दोर गेला. कायमचा गेला. आणि माझ्या तोंडून निघालं, "मला काय विचारता? झेबी आपाला विचारा, ती रोज सकाळी तुतीच्या बागेत कुणाला भेटते ते."

बाबा मातीचं विसरले. मला तेच हवं होतं.

महिन्याभरात तुझं लग्न झालं, दोन दिवसांच्या प्रवासाएवढं लांब. कालव्यावरचा सोबिर नंतर तीन आठवडे आपल्या गल्लीतून सायकल नेत राहिला, मग नेईनासा झाला. तुला वाटलं असेल, शेजाऱ्यांनी चुगली केली. किंवा तुला माहीत असेल, आणि म्हणूनच तू लिहीत नसशील. चुगली मी केली. चुकून नाही, लहान होते म्हणून नाही. माझी विजार वाचवायला मी तुला विकलं.

मागच्या पत्रांत मी फुशारकी मारली. घेर कापला, नान मोडू दिली नाही, वगैरे. ती सगळी या एका वाक्यावर उभी आहे हे तुला कळायला हवं.

माफी मागत नाही. ती मागितली की द्यायचं ओझं तुझ्यावर. फक्त सांगितलं.

लुत्फी


मार्गिलान,
९ नोव्हेंबर १९७४

आपा,

मी जिवंत आहे, हे पहिल्यांदा. आणि आता सगळं सांगते, कारण तुझ्याशिवाय हे नीट कळणारं दुसरं कुणी नाही.

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक गाड्यांच्या टपांवर, झाडांवर. सनया-नगारे सुरू झाले. बाबा लाल अंगरखा घालून तिरप्या दोराच्या पायथ्याशी आले. लंगडत नव्हते, पण न लंगडण्यासाठी काय लागत होतं ते त्यांच्या जबड्यावर दिसत होतं.

मी पोत्याच्या विजारीतच निघाले होते. तेवढ्यात गर्दीतून आई आली. आई! बाबांचा दोर बघायला जी तीस वर्षांत एकदाही मैदानात आली नाही. तिनं माझ्या हातात बोचकं दिलं. "बदल," एवढंच म्हणाली.

वैरणीच्या गाडीआड मी ते सोडलं. माझ्या रुखवतासाठी साठवलेलं पट्ट्यापट्ट्यांचं रेशीम, पुरुषांच्या अंगरख्याला वापरतात ते. सदरा, विजार, कमरेचा लांब पट्टा. काखेत तिनं चौकोनी तुकडा जोडला होता, हात काठीसकट वर गेला तरी कुठे ओढ बसू नये म्हणून. माझं माप कधी घेतलं तिनं? विचारलं तर म्हणाली, "अठरा वर्षं घेतेय."

मी चालत बाबांसमोर गेले. आजूबाजूची कुजबुज थांबली. नगारेवालाही थांबला. बाबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

एर्गश अमाकी कोलांटी मारून मध्ये आले. "उस्ताद! दोर विचारतोय, आज माझ्यावर म्हातारा उंट चढणार की मांजर? उंट असेल तर तो आत्ताच तुटून घेतो, म्हणजे नंतर बोल नको!"

लोक हसले. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "पट्टा असा बांधतात?"

"कुणी शिकवलाच नाही."

ते त्या दुखऱ्या गुडघ्यावर खाली बसले. सगळ्या गावासमोर. माझा पट्टा सोडला आणि पुन्हा बांधायला लागले, तीन वेढे, प्रत्येक वेढ्याला झटका देऊन. आणि मान वर न करता, फक्त मला ऐकू येईल असं बोलले. "झेबी पडली तेव्हा मी खाली उभा होतो. हात पसरून. पकडली असं वाटलं मला. हातात नुसता झग्याचा काठ आला." चौथा वेढा. "मी त्यानंतर मुलींना उतरवलं. झग्याला उतरवायला हवं होतं."

गाठ मारली. उठले. दोन्ही हात वर करून दुवा मागितली. गर्दीनं हात चेहऱ्यावरून फिरवले. "वर गेल्यावर माझ्याकडे बघू नकोस," ते म्हणाले. "मी खालीच आहे."

तिरप्या दोरावरून वर जाताना पोटऱ्या पेटल्या. शेंड्याशी पोचले आणि खाली सगळं गाव टोप्यांचं शेत झालं.

"लुत्फीखोन!" खालून एर्गश अमाकी ओरडले. गाणं-बोलणं त्यांचं चालतं, तेवढी त्यांना मुभा. "वरून काय दिसतं?"

"साराखोन खालांचं अंगण दिसतं!"

"काय चाललंय तिथे?"

"पहिल्या प्रतीची मुलगी शोधतायत, अजून सापडली नाही!"

काय हसले लोक! त्या हशानं दोर हलला, खरंच हलला, आणि माझी भीती त्यात कुठे सांडली कळलं नाही. मी चालायला लागले. वारा डोंगराकडून होता. मध्यावर काठीचं डावं टोक खाली गेलं. मी एका गुडघ्यावर बसले, श्वास सोडला, टोक वर आलं, उभी राहिले. वाऱ्याला फडफडवायला माझ्या अंगावर काही नव्हतंच. पाय मोकळे. पावलं दिसत होती.

पलीकडच्या टोकाशी पोचले. आता वळायचं होतं. आपा, तू पडलीस तेच वळण. डावी टाच उचलायची, अंग फिरवायचं, आणि टाच पुन्हा दोरावर, न बघता. तिथे मी थांबले. खाली इतकं शांत झालं की कुणाच्या तरी गाढवाची घंटा ऐकू आली. मी टाच उचलली. फिरले. टाच खाली आली आणि तिच्याखाली दोर होता. फक्त दोर.

परत आले ते धावत! दोरावर धावायचं नसतं, ठाऊक आहे, रागावू नकोस.

उतरले तेव्हा बायका पुढे घुसल्या होत्या. एका म्हातारीनं माझी विजार दोन बोटांत धरून पाहिली आणि विचारलं, "कापड किती लागलं गं? नातीला हवी." गर्दीतून ओरड आली, "लुत्फी पहिलवान!" दोरावरच्या पुरुषांचा हा किताब बाईला देणारा कोण ते मला दिसलं नाही, पण मग दुसरा ओरडला, मग सगळंच मैदान.

बाबांनी माझं मनगट धरून वर केलं. शांत व्हायची वाट पाहिली. मग म्हणाले, आणि हे मी शब्दाशब्दानं लिहिते, कारण ते तुझं आहे: "ही माझी धाकटी. थोरली हिच्याहून सरस होती. ती आज इथे नाही, त्यात तिची चूक नाही. माझी आहे."

यातली अर्धी चूक माझी. ती मी त्यांना घरी येताना रस्त्यात सांगितली, दोरावरच्या मातीपासून सगळी. त्यांनी माझ्या खांद्यावरची काठी आपल्या खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "तू पंधराची होतीस. मी पंधराचा नव्हतो."

लुत्फी


मार्गिलान,
१५ डिसेंबर १९७४

आपा,

तुझं पत्र आलं. इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलंय.

'तुझी सगळी पत्रं मीच टपालाच्या पिशवीतून घरी आणली. उघडलं एकही नव्हतं. कबुलीचं पाकीट जाड होतं म्हणून उघडलं, मग बाकीची. मी तुला माफ केलेलं नाही. होईल तेव्हा होईल. इथे मी टपाल वाटते, सायकलवर, सहा गावं. झगा रोज साखळीत अडकतो. कंबर सत्तर, लांबी पंच्याण्णव. दोन खिसे हवेत. खोल.'

मी आईला वाचून दाखवलं. ती "टपाल वाटते!" एवढंच दोनदा म्हणाली आणि लगेच कात्री शोधायला उठली. करड्या रंगाचं जाड सुती घेतलंय, चिखल दिसणार नाही असं. कापायचं मी, शिवायचं आईनं. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"कुणाची?"

मी त्यांच्या हातात तुझं पत्र दिलं. त्यांनी ते सावकाश वाचलं. 'माफ केलेलं नाही' तिथे बोट थांबलं, मग पुढे सरकलं. पत्र परत देताना म्हणाले, "बुडाला आणि गुडघ्याला कापड दुहेरी घाला. सायकलवर तिथेच झिजतं." आणि थोड्या वेळानं, "उजवा खिसा मोठा ठेवा. ती उजव्या हातानं पत्रं काढत असेल."

विजार काल तयार झाली. मी पार्सलावर पत्ता लिहायला बसले तर बाबांनी दौत बाजूला ठेवली.

तेव्हा आपा, पार्सल टपालानं येणार नाही. बाबा घेऊन येतायत. आज सकाळच्या गाडीनं निघतायत, पिशवीत दोन नान, सुके जर्दाळू आणि तुझी विजार. मी बरोबर येऊ का म्हणून विचारलं, तर नको म्हणाले. तुला काय सांगणार, तेही विचारलं. "अजून दोन दिवस आहेत," म्हणाले. "गाडीत जुळवतो."

हे पत्र मी स्टेशनवर टपालाच्या डब्याच्या पेटीत टाकतेय, म्हणजे त्याच गाडीनं येईल आणि ते स्टेशनवरून तुझ्या दारी पोचायच्या आत तुझ्या पिशवीत असेल. दार उघडायचं की नाही, ते तुझं तू ठरव. कुणी तुला काही म्हणणार नाही. मी तर नाहीच.

विजार मात्र घालून बघ. खिसे कोपरापर्यंत खोल आहेत. कुठे आखूड, कुठे तंग वाटली तर कळव. कापड अजून बरंच उरलंय.

तुझी,
लुत्फी